तोळाभर शिसे

सोनाराच्या तराजूचा आणि शिकाऱ्याच्या काडतुसाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु तो आहे. बंदुकीच्या गोळीचे वजन इंग्रज व अमेरिकन लोक आजही ग्रेनांत मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. असे ७,००० दाणे म्हणजे एक पौंड. हे वजन आपल्या बाजारात कधी रुळले नाही. पण १८३३ साली कंपनी सरकारने वजने बांधून दिली तेव्हा आपला तोळा मात्र बरोबर १८० ग्रेनांचा ठरवला. बारा मासे म्हणजे तोळा, या हिशेबाने एक मासा १५ ग्रेनांचा होतो. आणि योगायोग असा, की हरिणवर्गातील मोठ्या जनावरांसाठी अमेरिकेतला शिकारी जी गोळी पिढ्यान् पिढ्या विश्वासाने वापरत आला, ती नेमकी १८० ग्रेनांची, म्हणजे तोळाभर वजनाची आहे.

हा तोळा कमी करावा की वाढवावा, आणि तो किती रुंदीच्या नळीतून सोडावा, या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षे वाद चालू आहे. वाद वरवर पाहता हौशी लोकांचा, सायंकाळी शेकोटीपाशी बसून घालावा असा. पण त्याच्या पोटात शिरून पाहिले तर त्यात पदार्थविज्ञान आहे, साम्राज्याचे राजकारण आहे, युद्धाचे कायदे आहेत, आणि सर्वांच्या तळाशी एका मुक्या जनावराच्या मरणयातनांचा प्रश्न आहे.

मी स्वतः शिकारी नव्हे. कोणत्याही प्राण्यावर मी कधी बंदूक रोखलेली नाही, आणि आता आपल्या देशात ती रोखणे गुन्हाही आहे. मला नाद आहे तो जुन्या शिकारी साहेबांची पुस्तके वाचण्याचा. या पुस्तकांत वाघाचे वर्णन एका पानात आटोपते आणि गोळीच्या वजनाची चर्चा दहा पाने पुरते. पुष्कळ वाचक ती दहा पाने उलटून पुढे जातात; मला मात्र तीच अधिक बोलकी वाटतात. माणूस ज्या गोष्टीविषयी इतक्या तपशिलाने लिहितो, तिच्याविषयी त्याच्या मनात कोठेतरी टोचणी असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी हरणाच्या शरीरापासून सुरुवात केली पाहिजे. हरीण गोळीच्या धक्क्याने मरत नाही. ते मरते एक तर मेंदू किंवा मणका तुटल्यामुळे, नाही तर काळीज-फुप्फुसांतून वेगाने रक्त वाहून गेल्यामुळे. म्हणून जाणता शिकारी फऱ्याच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यावर नेम धरतो. तेथे गोळी नीट लागली तर जनावर काही पावलांत कोसळते. ती चार बोटे मागे, पोटात गेली, तर तेच जनावर मैलोगणती धावते आणि एखाद्या नाल्यात, करवंदीच्या जाळीत, दोन दोन दिवस तडफडून मरते. मग ते शिकाऱ्याला सापडत नाही, तरसाला सापडते.

म्हणजे गोळीने तीन कामे केली पाहिजेत. एक, ती नेमाच्या जागी पोचली पाहिजे. त्यासाठी तिचा मार्ग शक्य तितका सरळ हवा, म्हणजेच वेग हवा. दोन, कातडे, बरगडी व मांस भेदून ती आत खोल गेली पाहिजे; त्यासाठी वजन हवे. तीन, आत गेल्यावर तिने पसरून रुंद जखम केली पाहिजे. त्यासाठी मऊपणा हवा. आता अडचण अशी की हे तीन गुण एकमेकांचे सख्खे वैरी आहेत. वेग वाढवावा तर वजन कमी करावे लागते. वजन कमी केले की खोली जाते. मऊपणा वाढवला की गोळी कातड्यावरच फुटून वाया जाते; कठीणपणा वाढवला की सुईसारखे भोक पाडून पलीकडे निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. शिवाय हरिणवर्ग काही एकाच मापाचा नाही. विलायतेतले रो जातीचे हरीण पंचवीस किलोंचे. आपला चितळ नर सुमारे ऐंशी किलोंचा. आणि सांबराचा पोक्त नर अडीचशे किलोंच्याही पुढे जाणारा. भेकराला पुरेल ती गोळी सांबराच्या फऱ्यावर फुकट जायची.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा वाद फारसा नव्हता, कारण निवडीला वावच नव्हता. गोळी शिशाची आणि गोल. नळीचे माप 'बोअर'ने सांगत. बारा बोअर म्हणजे एका पौंडात ज्या बारा गोळ्या बसतील तेवढ्या गोळीची नळी. ही गोळी सुमारे ५८३ ग्रेनांची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची. गोल गोळीचा एक स्वभाव आहे. तिचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते, आणि उलट, व्यास थोडा घटवला की वजन एकदम ढासळते. म्हणून वजन हवे असेल तर रुंद नळी घ्यावी लागे, आणि रुंद नळीची जड गोळी वेगाने सोडायची तर खांदा मोडणारा धक्का सोसावा लागे.

वेगाचे महत्त्व किती, ते एका साध्या हिशेबाने कळेल. बंदुकीतून सुटलेली गोळी हातातून सुटलेल्या दगडाप्रमाणेच खाली पडत असते. शंभर यार्ड म्हणजे ३०० फूट. सेकंदाला सरासरी १,२०० फूट वेगाची गोळी हे अंतर पाव सेकंदात कापते, आणि तेवढ्या वेळात सुमारे एक फूट खाली येते. वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा लागतो आणि पडणे एक चतुर्थांशावर, म्हणजे तीन इंचांवर येते. जंगलात अंतराचा अंदाज वीस-तीस यार्डांनी सहज चुकतो. मंद गोळीच्या बाबतीत हा चुकलेला अंदाज म्हणजे फऱ्याऐवजी पोट किंवा पाय. जलद गोळीच्या बाबतीत केवळ एकदोन बोटांचा फरक.

हे गणित ज्याने हिंदुस्थानात बसून अत्यंत बारकाईने मांडले, तो गृहस्थ आपल्या सातपुड्यातला होता, असे म्हटले तरी चालेल. जेम्स फॉर्सिथ हा बंगालच्या लष्करातील तरुण अधिकारी. १८६२ मध्ये तो पचमढीला गेला. मध्यप्रांताच्या जंगलखात्यात आणि पुढे नेमाड जिल्ह्याच्या जमाबंदीच्या कामावर त्याने नोकरी केली. १८६३ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नळीच्या आतील आटे फार पिळाचे असले की गोल गोळी वेगाने सोडता येत नाही, ती आटे सोडून घसरते, म्हणून पीळ अगदी मंद ठेवा आणि दारू भरपूर घाला, म्हणजे गोळी दीडशे यार्डांच्या आत जवळजवळ सरळ जाईल. मध्य हिंदुस्थानातील बहुतेक शिकार त्या अंतराच्या आतच होते, हे त्याला प्रत्यक्ष पाहून ठाऊक होते. लष्करी निशाणबाजीच्या मैदानावरचे हजार यार्डांचे पराक्रम जंगलात निरुपयोगी आहेत, हा त्याचा मुद्दा आजही खोडून काढता येत नाही. हा बुद्धिमान माणूस १८७१ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी त्याचे सातपुड्यावरचे प्रसिद्ध पुस्तक बाहेर आले. त्यात सालवनांतल्या बारशिंग्यांचे वर्णन आहे. त्या बारशिंग्यांकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीय माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणजे कोणत्या नळीतून किती ग्रेनांची गोळी सोडावी हा वाद साहेबांनी घालायचा, आणि त्या गोळीने जखमी झालेल्या सांबराचा रक्ताचा माग काटेरी जाळ्यांतून काढत जायचे ते गोंड-कोरकू वाटाड्यांनी. साहेबाच्या तर्काचे खरेखोटे प्रथम त्यांना कळे. पण त्यांचे मत कोणी पुस्तकात नोंदवून ठेवले नाही.

फॉर्सिथच्या थोडे आधी मुंबई इलाख्याच्या तोफखान्यातील जॉन जेकब याने सिंधमध्ये निराळाच मार्ग चोखाळला होता. ज्याच्या नावाने जेकबाबाद शहर वसले तोच हा. गोळीच्या टोकात स्फोटक भरलेली तांब्याची नळी बसवायची, म्हणजे गोळी आदळताच फुटेल, अशी त्याची योजना. त्याचा रोख शत्रूच्या दारूच्या पेट्यांवर होता. पण शिकाऱ्यांनीही स्फोटक गोळ्या हाताळून पाहिल्या. याच जातीच्या गोळ्यांनी युरोपातील राज्यकर्त्यांना धडकी भरवली, आणि १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जाहीरनामा निघाला, की ४०० ग्रॅमहून कमी वजनाचा स्फोटक गोळा युद्धात वापरू नये. गोळीच्या बांधणीवर अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रथमच पडत होती. हरणांविषयी मात्र कोणी काही बोलले नाही.

वेगाचा ध्यास दुसऱ्या वाटेने पुरा झाला. लंडनच्या पर्डी या बंदुकवाल्याने १८५६ साली एका रायफलीला आगगाडीवरून 'एक्स्प्रेस ट्रेन' असे नाव दिले, आणि 'एक्स्प्रेस' हा शब्द शिकारी भाषेत कायमचा येऊन बसला. नळी अरुंद, गोळी लांबट पण हलकी, दारू भरपूर. पुढे काडतुसे आल्यावर .४५० आणि .५०० इंचांच्या एक्स्प्रेस रायफली हिंदुस्थानातील छावण्यांतून सर्रास दिसू लागल्या. .४५० च्या नळीतून २७० पासून ३६५ ग्रेनांपर्यंतच्या गोळ्या सेकंदाला सतराशे ते साडेएकोणीसशे फूट वेगाने जात. वजन घटवण्यासाठी गोळीचे टोक पोकळ ठेवीत. त्यामुळे ती जनावरात शिरताच छत्रीसारखी उघडे. काळवीट, चितळ यांच्यावर ही गोळी विजेसारखे काम करी.

परंतु तीच गोळी सांबराच्या खांद्यावर फुटून चुरा होई. सॅम्युअल बेकर हा तिचा कडवा टीकाकार. सिलोनच्या डोंगरात कुत्री सोडून सांबराला गाठावे आणि केवळ सुऱ्याने मारावे, असा या माणसाचा तरुणपणचा छंद. म्हणजे सांबराचे शरीर काय चीज आहे हे त्याला हाताने ठाऊक होते. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने पोकळ गोळीविरुद्ध निकाल दिला आणि शुद्ध शिशाच्या भरीव, जड गोळीची बाजू घेतली. ती .५७७ च्या नळीतून सोडायची आणि तिचे वजन ६५० ग्रेन, म्हणजे साडेतीन तोळ्यांहून अधिक. बेकर म्हणे वजन, दुसरे म्हणत वेग. आजतागायत शिकाऱ्यांच्या या दोन घराण्यांत समेट झालेला नाही. केवळ आकडे बदलले आहेत.

आकडे बदलले ते एका फ्रेंच रसायनज्ञामुळे. १८८४ साली पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू सिद्ध केली, आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती आठ मिलिमीटर नळीची रायफल आली. बाकीच्या राष्ट्रांना मागे राहणे शक्य नव्हते. १८८८ साली इंग्रजांनी .३०३ ची नळी स्वीकारली. तिच्याआधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेनांची होती; .३०३ ची २१५ ग्रेनांची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वेग मात्र दोन हजार फुटांच्या घरात गेला. इतक्या वेगाला नुसते शिसे टिकत नाही, म्हणून गोळीवर निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवावे लागले. आणि तेथेच नवी अडचण उभी राहिली. कवचबंद गोळी उघडेना. हरणाच्या छातीतून ती शिवणाच्या सुईसारखी जाई. शिकाऱ्यांनी त्यावर साधा उपाय काढला : टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवायचे. मऊ नाकाची गोळी म्हणतात ती हीच.

हाच उपाय सैन्याने उचलला तेव्हा मोठे रामायण घडले. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत, .३०३ ची गोळी लागूनही शत्रू चाल करून येतो, अशी तक्रार पुढे आली. कलकत्त्याजवळ डमडम येथे सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तेथील अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे कवच किंचित उघडे ठेवलेली गोळी तयार केली, आणि १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली. बंगालमधील त्या आडगावाचे नाव जगभर दुष्कीर्त झाले. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या ब्रुन्स या शस्त्रवैद्याने पसरणाऱ्या गोळ्यांचे प्रयोग करून त्यांच्या भयंकर जखमांचे वर्णन छापले. त्यावर इंग्रजांचा आक्षेप असा होता, की प्रयोगातील गोळ्या डमडमच्या नव्हेत, शिकारीच्या आहेत. त्यांचे शिसे कितीतरी अधिक उघडे असते. म्हणजे माणसाच्या गोळीची बाजू मांडण्यासाठी हरणाच्या गोळीकडे बोट दाखवावे लागले! १८९९ साली हेग येथील परिषदेत, मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य कराव्यात असे ठरले. इंग्लंड आणि अमेरिका विरोधात उभी राहिली. इंग्लंडने १९०७ मध्ये अखेर तो जाहीरनामा मान्य केला.

साम्राज्याच्या भीतीने शिकाऱ्यांच्या निवडीवर दुसराही घाला घातला. सैन्याच्या मापाची काडतुसे सरहद्दीवरील टोळ्यांच्या किंवा बंडखोरांच्या हाती पडतील, या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने .४५० आणि .३०३ या मापांची खासगी आयात रोखली. विलायतेतल्या बंदुकवाल्यांची हिंदुस्थान ही मोठी पेठ. त्यांनी तातडीने नवी मापे काढली. मोठ्या जनावरांसाठी .४६५ आणि .४७० आली; हरणांसाठी .२७५, .३१८ अशी, आणि १९१२ मध्ये दोहोंच्या मधली .३७५. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी भेट दिलेली रायफल .२७५ चीच होती. तिची १४० ग्रेनांची गोळी साडेनऊ माशांहूनही हलकी. दंडकाची ही छाया अजून सरलेली नाही. स्वतंत्र भारतातही .३०३ हे सामान्य परवानेधारकाला निषिद्ध माप राहिले, आणि त्याच्या जागी .३१५ ची रायफल गावोगावी पोचली. तिची गोळी २४४ ग्रेनांची, सव्वासोळा माशांची. ही काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत. निवड सोयीची होती म्हणून नव्हे. जुन्या सरकारला वाटलेल्या भयातून हे माप आपल्या वाट्याला आले.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तेथे शिकार हा साहेबाचा मान नसून शेतकऱ्याच्या हिवाळ्याची बेगमी होती. १८९५ साली विंचेस्टर कंपनीने .३०-३० चे काडतूस बाजारात आणले. बिनधुराच्या दारूचे, मऊ नाकाच्या १६० ग्रेनांच्या गोळीचे. रान दाट, अंतर पन्नास-शंभर यार्ड, जनावर चितळाच्या जवळपास वजनाचे. तेवढ्यास ते पुरेसे होते, आणि कित्येक पिढ्यांचे स्वयंपाकघर त्यावर चालले. १९०६ मध्ये सैन्याचे .३०-०६ आले, आणि त्याच्याच पुंगळीचे तोंड आवळून १९२५ मध्ये .२७० निघाले. १३० ग्रेनांची गोळी, वेग तीन हजार फुटांच्या पुढे. जॅक ओ'कॉनर या लेखकाने आयुष्यभर या हलक्या, वेगवान गोळीचा पुरस्कार केला. एल्मर कीथ या दुसऱ्या लेखकाने आयुष्यभर २५० ग्रेनांच्या रुंद, जड गोळीची बाजू लढवली. फॉर्सिथ आणि बेकर जणू नव्या अवतारात पुन्हा भांडू लागले.

दोघांनाही हिशेबाचा आधार होता. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून कागदावर १३० ग्रेनांची वेगवान गोळी २४४ ग्रेनांच्या मंद गोळीला मागे टाकते. परंतु शक्तीचा आकडा मोठा असून भागत नाही. ती कोठे खर्च होते हे महत्त्वाचे. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात याचा प्रत्यय आला. समोर मूस होता, म्हणजे हरिणवर्गातील सर्वांत थोर प्राणी, अंगावर चिखल वाळून ढाल झालेला. वेगवान गोळ्या त्याच्या अंगावर वरच्यावरच फुटल्या. नॉस्लरने मग अशी गोळी बनवली, की जिच्या पोटात आडवी भिंत आहे. भिंतीपुढचे शिसे उघडते, मागचे अखंड राहून आत घुसते. वेग, वजन आणि मऊपणा या तीन वैऱ्यांना एका घरात, मध्ये भिंत घालून का होईना, नांदवण्याची ही युक्ती. तेव्हापासून जाणत्यांचे मत हळूहळू असे बनत गेले की नळीच्या मापापेक्षा गोळीची बांधणी महत्त्वाची, आणि बांधणीपेक्षा नेम. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने .२७५ च्या अरुंद नळीतून भरीव गोळ्या सोडून हत्ती मारले होते, कारण मेंदू नेमका कोठे असतो हे त्याला ठाऊक होते.

पण प्रत्येक जण बेल नसतो. आणि जेथे कौशल्याची खात्री नाही तेथे कायद्याला किमान मर्यादा आखावी लागते. इंग्लंडमध्ये छऱ्यांच्या बंदुकांनी हरणे जखमी करून सोडण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १९६३ मध्ये तेथे हरणांचा कायदा झाला. रायफलीचे माप .२४० इंचाहून कमी नसावे, गोळीची शक्ती नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंडांहून कमी नसावी, आणि गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच असावी, असे त्याने सांगितले. स्कॉटलंडने १९८५ मध्ये पुढे जाऊन वजनही ठरवले : मोठ्या हरणाला किमान १०० ग्रेन, रो हरणाला ५० ग्रेन.

आता पाहा, काय झाले ते. जी गोळी हेगच्या जाहीरनाम्याने सैनिकावर झाडायला अमानुष ठरवली, तीच हरणावर झाडणे इंग्लंडच्या कायद्याने सक्तीचे केले. आणि कवचबंद गोळी, जी युद्धात सभ्य, ती हरणाच्या बाबतीत गुन्हा. वरवर हा विरोध हास्यास्पद वाटतो. पण त्याच्या मुळाशी एकच दया दोन रूपांत उभी आहे. सैनिक जखमी झाला की लढाईबाहेर जातो, आणि त्याला इस्पितळात नेणारे कोणी असते. म्हणून त्याची जखम लहान असावी. हरणाला इस्पितळ नाही. त्याच्यावर करायची दया एकच : मरण लवकर यावे. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अंतर्मुख करणारी गोष्ट हीच वाटते. गोळीच्या टोकावरचे तेच उघडे शिसे, समोर कोण आहे आणि नंतर त्याला कोण उचलणार आहे यावर, एकदा क्रौर्य ठरते आणि एकदा करुणा.

ही करुणाही अपुरी आहे, हे आपल्या भूमीवरून शिकावे. उत्तम गोळीने एकेका जनावराचे हाल कमी होतात. जातीचे रक्षण होत नाही. फॉर्सिथने पाहिलेले मध्य हिंदुस्थानातील कठीण जमिनीवरचे बारशिंगे, शिकारीने आणि कुरणे तुटल्याने घटत घटत, १९७० च्या सुमारास कान्ह्यात केवळ ६६ उरले होते. त्यांना कोणत्या मापाच्या नळीने मारले याला काहीच अर्थ उरला नव्हता. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारेही बंद केली, आणि कान्ह्यातील बारशिंगे आज शेकड्यांनी मोजता येतात. अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथे १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. त्यांनी शिकारीला ऋतूंचे आणि संख्येचे बंधन घातले, आणि १९३७ पासून बंदुकांवर व काडतुसांवर कर बसवून तो पैसा वन्य प्राण्यांच्या संगोपनाला लावला. हरणे पुन्हा विपुल झाली. दोन्ही देशांत हरणे वाचली. वाचवण्याचे मोल कोणी कसे दिले, एवढाच फरक.

शिशाचे दिवसही आता भरत आले आहेत. पसरलेल्या गोळीचे बारीक कण मेलेल्या हरणाच्या मांसात राहतात, ते खाऊन गिधाडे विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे वर्ज्य झाली. तिच्या जागी तांब्याची आली. तांबे शिशाहून हलके. त्याच मापाची, त्याच लांबीची गोळी आपोआप कमी भरते. म्हणून स्कॉटलंडला २०२३ साली आपली १०० ग्रेनांची किमान मर्यादा ८० वर आणावी लागली. वीस ग्रेन, म्हणजे जेमतेम सव्वा मासा. सोनाराकडे एवढ्याशा फरकावरून घासाघीस होते. तेथे त्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली.

एवढे मात्र खरे, की जनावर मारायचेच असेल तर गोळी कोणती, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीला अधिक चांगले सापडत गेले. मारायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तराजूत तोलता येत नाही. ते माणसाने आपल्या मनाशी आणि समाजाने आपल्या कायद्यात ठरवायचे असते. आपण ते १९७२ मध्ये ठरवले. सातपुड्यात आज चितळांचा कळप पाणवठ्यावर येतो, तेव्हा त्याच्या अंगावर ग्रेनांचा हिशेब करीत कोणी बसलेले नसावे, अशी आपली व्यवस्था आहे. ती टिकवणे हे काम अजून संपलेले नाही.